ट्रॉलव्वाचं कुंकू

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आमच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओंजळीत मीठ घेऊन रांगेत उभ्या, पुरुष मोबाइल उंच धरून, आणि मधोमध लिंबाखाली हारांत बुडालेली माझी ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्या मागच्या फाळक्याखालून तांबडा थेंब ओघळला. टप. “कुंकू!” गर्दी ओरडली. दुसरा थेंब. “ट्रॉलव्वाच्या नावानं चांगभलं!”

पायाशी वाटी धरून, डोळे मिटून, थेंब झेलत बसलेला इसम म्हणजे मी. शिवशरण.

या चमत्काराचा शोध दुसऱ्या कुणी लावला असता तर मला आज ही गोष्ट सांगताना एवढं अवघड झालं नसतं. पण तो मीच लावला. भवानी पेठेतल्या सूत रंगवणाऱ्या कारखान्यांना मी मिठाची पोती पोचवतो आणि तिथल्या सुताच्या ओल्या लडी वाळवायला नेतो. रंग सुताला धरावा म्हणून त्या पाण्यात पोत्यांनी मीठ पडतं. म्हणजे सहा वर्षं माझी ट्रॉली खाऱ्या पाण्यात न्हात होती, आणि मी रोज कीर्तनात. पेटीचा पहिला सूर लागला की माझ्या डोळ्यांना धार लागते. ट्रॉलीलाही धार लागली, तेव्हा मला वाटलं, हीसुद्धा आपल्याच पंथाची.

पहिल्यांदा थेंब दिसला तो आदल्या सोमवारी. शेजारच्या निंगव्वाला हाक मारली. ती म्हणाली, “यप्पा शिवशरणा, ही तर ट्रॉलव्वा हाय की रे!” झालं. अव्वा म्हणजे आई, म्हणून दुपारपर्यंत ट्रॉलीला लुगडं नेसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी बिरप्पा महाराज प्रगटले. गाव विचारलं तर आकाशाकडे बोट दाखवत. त्यांनी ट्रॉलीला कान लावला आणि जाहीर केलं, “आईचा श्वास चाललाय! सायन्सचं नेटवर्क जिथं संपतं ना, तिथून आमचा टॉवर सुरू होतो. आईला गोडं पाणी वर्ज्य. धुवायचं न्हाय, घासायचं न्हाय, ठिणगी लावायची न्हाय. मीठ वाहा! मीठ विरघळेल तशी तुमची पीडा विरघळेल!”

चामखिळीसाठी देवाला मीठ वाहायची आपल्याकडे रीत आहेच. लोकांनी मुठीमुठीने मीठ ओतलं. महाराज त्यावर रोज खाऱ्या पाण्याचं ‘तीर्थ’ शिंपडत. जितकं मीठ, तितकं कुंकू. मी कपाळाला लावलं तर खाज सुटली. महाराज म्हणाले, “तिसरा डोळा उघडतोय.” मी खाजवत खाजवत धन्य झालो.

एका माणसाने तेवढं वेळीच सांगितलं होतं. दस्तगीर वेल्डरने. “शिवशरणमामू, ये कुंकू-बिंकू नै, जंग है, गंज. ट्रॅक्टर जोडते वो आगे के दांडे का गला खा गया. बायकां बैठेंगे तो रस्ते में टूटेंगा.”

“दस्तगीर, तू तुझं वेल्डिंग बघ,” मी म्हणालो. तो तेच बघत होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

कारण बायका खरंच बसणार होत्या. आमच्या सप्ताहाचा काला झाला की दुसऱ्या दिवशी याच ट्रॉलीतून तीस बायका अक्कलकोटला जाणार, असं ठरलेलं. सगळ्यांत पुढच्या फळीवर माझी बायको श्रीदेवी. दरवर्षी तीच तिची जागा.

सप्ताहाला मी करमाळ्याच्या उत्कर्षाताईंना बोलावलं होतं. शाळेत विज्ञान शिकवतात आणि कीर्तन असं करतात की माझ्यासारख्याला टॉवेल घेऊन बसावं लागतं. यंदा व्यासपीठ ट्रॉलीच्या शेजारीच मांडलं. मला वाटलं, ताई बघतील आणि म्हणतील, शिवशरणअण्णा, तुमचं भाग्य थोर.

ताईंनी बघितलं. वाकून ट्रॉलीच्या खालून बघितलं. संध्याकाळी पूर्वरंग संपला, बुक्का लावून झाला, तशी त्यांनी मला विचारलं, “अण्णा, खिळे आहेत का घरात? एकाच पुड्यातले दोन, नवे. आणि थोडं ग्रीस.”

आख्यानाला खिळे कशाला, हे मला कळेना. आणले. ताईंनी एका खिळ्याला ग्रीस फासलं, दुसरा तसाच कोरा ठेवला. महाराजांच्या तांब्यातल्या तीर्थात दोन फडकी भिजवली, एकेक खिळा गुंडाळून दोन वाट्यांत ठेवला.

“महाराज,” ताई हात जोडून म्हणाल्या, “या तुमच्याच पाटावर राहू द्या. रोज थोडं तीर्थ शिंपडा. काल्याला उघडू.”

महाराज फुगले. “बघा! शिकलेल्या बाईलासुद्धा प्रचिती हवी!”

“हवी आहे,” ताई म्हणाल्या.

सात दिवस महाराजांनी स्वतःच्या हाताने त्या वाट्या शिंपल्या. मी रोज टॉवेल भिजवला. श्रीदेवीचं लक्ष मात्र धुण्यात होतं. माझ्या कपाळावरचं देवीचं कुंकू पुसताना स्वतःच्या लुगड्याला लागलेले डाग तिने तीन वेळा धुतले होते, आणि ते गेले नव्हते. “कुंकू धुतल्यावर जातं की,” एवढंच एकदा म्हणाली.

काल्याच्या कीर्तनात उत्तररंग ऐन भरात असताना ताई थांबल्या. “आता प्रचिती,” म्हणाल्या. “निंगव्वा आजी, तुम्ही उघडा.”

निंगव्वाने पहिलं फडकं सोडलं. आत तांबडा चिखल. तिने बोट लावलं, वास घेतला. “अगं बया, कुंकू की!”

“कुठल्या देवीचं, आजी?”

“देवीचं कुटलं? खिळ्याचं हाय.”

“आता दुसरं.”

दुसऱ्या फडक्यातला खिळा निघाला तो पुड्यातून काढला तसा. निंगव्वाने तो पदराने पुसला आणि उन्हात धरला.

“तीर्थ एकच, हात महाराजांचेच,” ताई गात नव्हत्या, पण लय तीच होती. “लोखंडाला पाणी आणि हवा भेटली की गंज धरतो. मीठ असलं की लई लवकर धरतो. अण्णांची ट्रॉली सहा वर्षं मीठ वाहतेय. फळ्यांच्या फटींतून ते खालच्या पोकळ लोखंडी चॅनेलमध्ये, थेट पुढच्या दांड्यापर्यंत साठलं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पाऊस नसला तरी ढगाळ सकाळी गंज ओघळतो. अण्णा, ओल्या लडी कधी नेता?”

“शनिवारी,” मी म्हणालो.

“मग सोमवारी काय होणार?”

माझा हात कपाळाकडे गेला. तिसरा डोळा आता कुठे उघडत होता.

महाराज ताडकन उठले. “नाटकं! खिळा म्हणजे आई न्हवं! ज्याची श्रद्धा खरी, त्यानं उद्या ह्याच ट्रॉलीत बसावं. केसाला धक्का लागला तर नाव बदलीन!”

“ते तर बदलतच असाल की दर गावात,” मागून दस्तगीर बोलला. हशा पिकला. पण काही बायकांनी महाराजांच्या बाजूने माना डोलावल्या. महाराज म्हणतात त्यातही तथ्य असेल. श्रद्धा असली की झालं.

तेवढ्यात श्रीदेवी उठून माझ्यासमोर आली. पदर खोचलेला.

“तुमी सांगा. महाराज न्हाय, ताई न्हाय, तुमी. बसू मी उद्या फुडच्या फळीवर?”

मी ट्रॉलीकडे पाहिलं. हार, लुगडं, मीठ. हो म्हणालो तर ती बसली असती, आणि तिच्या मागोमाग एकोणतीस जणी. नाही म्हणालो तर दोन आठवडे वाटी धरून बसलेला शिवशरण हा सोलापुरातला सगळ्यांत मोठा येडा, हे मलाच जाहीर करावं लागणार होतं.

“दस्तगीर,” मी म्हणालो, “हातोडा दे.”

पुढच्या दांड्यावरचं लुगडं मी स्वतः बाजूला केलं. हात जोडले. सवय जाते थोडीच! मग जिथे दांडा ट्रॉलीला जोडलेला असतो तिथे घाव घातला. जोरात नाही, नारळ फोडतो तेवढाच. ठण्ण झालं नाही. खस्सकन आवाज झाला आणि हातोडा पत्र्यातून आत गेला, पापडातून जावा तसा. भोकातून मीठ आणि तांबडी पोपडी भडाभडा खाली पडली.

श्रीदेवीने ती पोपडी चिमटीत धरली. चुरली. चुरा माझ्या तळहातावर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“नको बसू,” मी म्हणालो. “आधीच सांगायला पायजे होतं.”

मागे वळून पाहिलं तर महाराजांचा पाट रिकामा. ग्रीस लावलेला खिळा तेवढा वाटीत चमकत होता.

बायका अक्कलकोटला एसटीने गेल्या आणि एसटीनेच सुखरूप परत आल्या. मी आणि दस्तगीर मागे राहिलो. गोड्या पाण्याच्या पाइपने सगळं मीठ धुऊन काढलं, वायरब्रशने घासलं, सडलेला दांडा कापून नवा जोडला. आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून चॅनेलला खालून भोकं पाडली. मग गंज अडवणाऱ्या रेड ऑक्साइडचे दोन हात, वर निळा रंग, सांध्यांना ग्रीस. आता मिठाची खेप झाली की त्याच दिवशी ट्रॉली धुतो. श्रीदेवी दारातून विचारते, “न्हाऊ घातलं का ट्रॉलव्वाला?” मी मान खाली घालून म्हणतो, “व्हय.”

दस्तगीर ट्रॉलीखाली शिरून रेड ऑक्साइड मारत होता, तेव्हा निंगव्वा तांबड्या ट्रॉलीसमोर हात जोडून उभी राहिली होती. मी घाबरलो. “आजी, रंग हाय त्यो! हा बघ डबा.”

“म्हाईत हाय रे,” ती म्हणाली. “दस्तगीरला जोडले हात. तू काय मदीच?”

मी अजूनही कीर्तनाला टॉवेल घेऊन बसतो. देवावरचा माझा विश्वास त्या हातोड्याने फुटला नाही, फुटला तो सडका पत्रा. पण एक शिकलो, ते सांगून उठतो. जो कुणी म्हणेल की धुवू नका, घासू नका, उघडून बघू नका, तिथे आधी हात धुवून उघडून बघा. देव खरा असेल तर त्याला हातोड्याची भीती नाही. आणि आपली माणसं ज्यावर बसणार आहेत, ते आधी ठोकून बघायला कुठल्याच देवाची मनाई नाही.