शेवटच्या रांगेतली मानाची सीट

मी विमानातली एक जुनी सीट आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. गोड गोड आत्मकथा ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझी पहिली वर्षं एका ऐसपैस विमानात गेली. ये-जा करायला दोन वाटा, गादी जाड, पाठ छान मागे कलणारी. उंच माणूसही माझ्यावर पाय लांब करून घोरायचा. उतरताना लोक म्हणायचे, "प्रवास कळलाच नाही!" पुढे ते विमान मोडीत निघालं आणि कझाकस्तानातल्या अल्माटीच्या एका कंपनीने मला आपल्या अरुंद, एकाच वाटेच्या विमानात ठोकलं. विमान नवं कोरं, आवाज कमी, हवा चांगली. सगळं मान्य! पण त्या दीडशहाण्यांनी माझी गादी पातळ केली आणि एक जादा रांग कोंबली, मागच्या भिंतीला टेकवून, संडासाला खेटून. तिथे मी. माझी पाठ आता बोटभरही मागे जात नाही. लाजा कशा वाटत नाहीत या लोकांना?

एकदा कोरियातल्या सोलला निघालेल्या कामशात आपा माझ्यावर बसल्या. तिथे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यांचा मुलगा दानियार भलताच खुशीत होता. तिकडे आईला आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आपाच म्हणतात.

"आपा, काउंटरवर भांडून मिळवलीय ही जागा! दारापासून सगळ्यांत लांब. तुला तोर सोडून दुसरीकडे बसवीन का मी?"

तोर म्हणजे कझाक घरातली मानाची जागा, दारापासून लांब, थोरामोठ्यांची. अरे शहाण्या, हे घर आहे का? तो स्वतः पुढे जाऊन बसला.

विमान वर गेलं आणि आपांच्या पुढच्या माणसाने पाठ खुशाल मागे टाकली. ती थेट त्यांच्या गुडघ्यावर आली. आपांनी ओठ दाबून धरले. मला ओरडता येत नाही, मी नुसती कुरकुरले.

हवाईसुंदरीच्या ते लक्षात आलं. "आपा, पहिल्या रांगेत एक सीट रिकामी आहे. पाय पसरता येतील. चला."

दानियार ताडकन उठून आला. "दाराला लागून? माझ्या आईला चपलांपाशी बसवताय?"

"अहो, विमानात कुठल्या चपला?"

"तुमच्या आईला बसवा तिथे!"

"असू दे गं पोरी," आपा म्हणाल्या. "छान आहे जागा."

साफ खोटं! त्यांचा पाय थरथरत होता, मला कळत होतं. मला त्यांचाही राग आला. मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून गुडघ्याचा असा छळ करायचा?

जेवण आलं. दानियार शेजाऱ्याला मोठ्याने सांगत होता, "आईला तोरवर बसवलंय!" तेवढ्यात पुढची सीट पुन्हा हलली आणि आपा कळवळल्या.

"ओयबाय! पुरे झालं तुझं तोर! दानियार, इकडे ये. माझ्या जागी बस."

तो बसला. त्याचे गुडघे पुढे घट्ट अडकले. त्याने माझं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"आपा, ही मागे जात नाही?"

"नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"सगळ्या विमानाला सांगत सुटलास. मला विचारलंस का?"

हवाईसुंदरीचा हात धरून त्या लंगडत पुढे गेल्या. दानियारने तोंड झाकून घेतलं. मी त्याला जराही आराम दिला नाही.

मित्रांनो, मोठ्यांना मान जरूर द्या, पण आधी विचारा, "आई, दुखतंय का?" आणि ज्याने ही रांग कोंबली, त्याला एकदा माझ्यावर आणून बसवा, थेट सोलपर्यंत. त्याला मात्र काही विचारू नका.