कोपऱ्यातल्या खुर्चीचे गाऱ्हाणे

मी या घराच्या कोपऱ्यातली ठेंगणी खुर्ची बोलते आहे. बोलते म्हणण्यापेक्षा कुरकुरते म्हणा. पुढचा पाय सैल झाल्यापासून माझी वाणी तेवढीच उरली आहे.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवले. आजोबांच्या गुडघ्यांना मांडी जमेनाशी झाली, म्हणून मी या घरात आले. पहाटे ते माझ्यावर बसत, डोळे मिटून नाम घेत. त्यांचा मला कधी भार झाला नाही. ज्याने आपले ओझे देवाच्या पायांशी ठेवले, तो बसायलाही हलका असतो. ते गेले आणि मी कोपऱ्यात सरकले.

मग माझ्या वाट्याला त्यांची नात आली. घरात तिला भिंगरी म्हणतात. तिची आई घरीच कपडे शिवते, वडील औषधांच्या दुकानात असतात. शिवताना आई फोनवर एका बाईंचा उपदेश ऐके: मुलांना मारू नये, चूक झाली की शांतपणे खुर्चीवर बसवावे, मग जवळ जाऊन, गुडघे टेकून, डोळ्यांत पाहून समजवावे आणि कुशीत घ्यावे. सल्ला वाईट नव्हता. आईने तो व्रतासारखा पाळला.

पहिल्यांदा भिंगरीने दोऱ्याचे रीळ उलगडले होते. ती माझ्यावर बसून मुसमुसली. थोड्या वेळाने मशीन थांबले. आई आली, तिने गुडघे टेकले, लेकीचे केस मागे सारले, तिला पोटाशी धरले. मशीन बंद असलेले घर त्या पोरीने भरदुपारी क्वचितच ऐकले असेल.

त्यानंतर अपराध वाढू लागले. बटणांचा डबा सांडला, खडूने आरसा रंगला. एक दिवस गिऱ्हाइकाच्या तयार कोटाची बाहीच कापली गेली.

जेवताना वडिलांनी विचारले, "तुझी ती फोनमधली बाई काय म्हणते आता?"

"म्हणते, सातत्य ठेवा."

"सातत्य तर आपली पोर ठेवतेय."

आई हसली नाही. "सोमवारपासून हिला पाळणाघरात घालते, संध्याकाळपर्यंत. माझ्यानं नाही होत आता."

भिंगरी रिकाम्या ताटात बोटाने रेघा ओढत राहिली.

मला सारे कळत होते. ती पोर शिक्षेसाठी माझ्याकडे येतच नव्हती. शिक्षेनंतर जे मिळे, त्यासाठी येत होती. पण लाकडाला जीभ नाही. रोज तिची आसवे अंगावर घेऊन मी शिणत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून आली आणि हात मांडीवर ठेवून बसली. माझी कुरकुर ऐकून आईने मान वळवली.

"आता काय केलंस?"

"काही नाही."

"खरं सांग. कात्री कुठाय?"

"तुझ्याच पुढ्यात आहे. मी काहीच नाही केलं गं, आई. आधीच येऊन बसले."

"पण कशाला?"

"बसल्यावर तू येतेस ना."

मशीनचे चाक फिरता फिरता थांबले. आई उठली. त्या दिवशी तिने गुडघे टेकले नाहीत. जमिनीवर बसकणच मारली आणि माझ्या सैल पायाला डोके टेकले. लेक तिच्या मांडीत उतरली.

पाळणाघराचे नाव पुन्हा निघाले नाही. आता दुपारी आई स्वतःच मशीन थांबवते आणि हाक मारते. आरंभी भिंगरी बिचकत येई.

"मी काय केलं?"

"काही नाही. ये."

"खुर्चीत बसू?"

"नको. इथं ये, माझ्याजवळ."

आयाबापांनो, मी थकले आहे, म्हणून एवढेच मागते. लेकराला जवळ घ्यायला त्याच्या अपराधाची वाट पाहू नका. माझा पाय अजून कुणी ठोकून दिलेला नाही. तो तसाच असू द्या. मला आता रिकामी राहू द्या.