होल्ड करा

सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींना इंग्रजीतला एकच शब्द पक्का ठाऊक होता, आणि तो बायकोने शिकवला होता. बाई तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. मिस्त्रींनी तिच्या ऑफिसात फोन लावला, की पलीकडून गोड आवाजात "होल्ड करा" यायचं आणि हे रिसीव्हर कानाला लावून ताटकळत उभे. होल्ड म्हणजे मुकाट्याने उभं राहायचं, अशी त्यांनी खूणगाठच बांधली होती.

बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच अंधुक दिसायचं. मराठी न येणाऱ्या नर्सने तिला बाहेर आणलं आणि मिस्त्रींना म्हणाली, "होल्ड हर."

मिस्त्री जागच्या जागी थांबले.

"होल्ड!" नर्सचा आवाज चढला. मिस्त्रींनी हात मागे बांधले आणि श्वासही रोखून धरला.

बाईला हसू आवरेना. "अहो, होल्ड म्हणजे धरा! माझा हात धरा!"

"धरा?" मिस्त्री उखडले. "मग मला तीस वर्षं नुसतं उभं का केलंस?"

पण हात मात्र धरला. रंधा मारून राठ झालेल्या त्या पंजात तिची बोटं अलगद मावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या, टॅक्सी झाली, घराचा जिना झाला. तिला पलंगावर बसवलं, तरी पकड सुटली नव्हती.

"पोचलो की! सोडा आता," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मोकळ्या हाताने खुर्ची ओढली आणि शेजारी बसले.

"होल्ड करा," ते तिच्याच गोड आवाजात म्हणाले.