चोचीतली फुंकर

बायकोने ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि झाडूच्या दांड्याने आत ढकललं.

"मांजराला तरी हाताने वाढतेस की गं!" कोंबडीवाला खोलीतून ओरडला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

"मांजर खोकत नाही," मास्कमधून उत्तर आलं. पावलं लांब गेली.

त्याला फार लागलं ते. शेडमधल्या कोंबड्या पटापट माना टाकू लागल्या, बर्ड फ्लू निघाला, उरलेल्याही माराव्या लागल्या. मेलेल्या कोंबड्या पुरून खड्डा बुजेपर्यंत दोघं बरोबरीने राबली. मग याला ताप भरला. नर्सबाईंनी घशातला नमुना नेला आणि याची रवानगी सामानाच्या खोलीत झाली. "पक्ष्याकडून माणसाला होतो, माणसाकडून माणसाला क्वचितच. तरी जपा," असं त्या सांगून गेल्या होत्या. क्वचितच! आणि ही अशी वागत होती, जणू तो नुसता बघूनही रोग लावेल. जन्माची सोबतीण, पण वेळ आली तशी पाठ फिरवली.

आणि हीच बाई मलूल पिल्लू ओंजळीत घेऊन त्याच्या चोचीत फुंकर घालायची! "कोंबड्यांची सुईण," म्हणून तो चिडवायचा. पण तिच्या फुंकरीने पिल्लं उठायची, हेही खरं.

त्याने ताटाला हात लावला नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, साधा सर्दीताप आहे," नर्सबाई म्हणाल्या. "दोघांचेही रिपोर्ट स्वच्छ."

"हुश्श! सुटलो बाई!" मग तो थबकला. "दोघांचे म्हणजे?"

"काकूंचाही नमुना घेतला होता. आजारी पिल्लांच्या चोचीत फुंकर घातली म्हणाल्या, अगदी शेवटपर्यंत. आपल्यामुळे तुम्हाला काही होईल म्हणून फार घाबरल्या होत्या. सांगू नका म्हणाल्या होत्या. आता काय हरकत?"

तो ताट घेऊन उंबऱ्यावर आला. अंगणाच्या पार टोकाला ती पालथ्या बादलीवर बसली होती. शेजारी तिची वेगळी ताटवाटी, गुंडाळलेलं अंथरूण.

"सुटलो गं! दोघंही!"

तिने मास्क काढला. बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले.

"जेवलीस?"

"घास उतरतोय कुठे?"

त्याने ताट जमिनीवर ठेवलं आणि झाडूच्या दांड्याने तिच्याकडे सरकवत नेलं. "घ्या, सुईणबाई."

ती रडता रडता हसली.

"अहो, सर्दी आहे ना तुम्हाला?"

"आहे की."

तिने ताट मांडीवर ओढलं आणि पहिला घास घेतला.