घरजावयाला पहारा

इन्क्युबेटरमध्ये पेशींच्या बारा प्लेट होत्या: सहा गुलाबी, सहा पिवळ्या. सगळ्या गुलाबीच असायला हव्या होत्या. पिवळा रंग म्हणजे पेशींनी साखर हाणून भोवतालचं खाद्य आंबट केलेलं.

"दादा, यांना कोणी खायला घातलं?" तरुण संशोधक चिमणीने विचारलं.

"मीच की!" प्रयोगशाळेतला सर्वांत जुना संशोधक म्हणाला. "पोरं कोमेजल्यासारखी दिसली. म्हटलं, जरा गोडाची बाटली देऊ. सहांनाच पुरली."

"त्या प्रयोगाच्या पेशी आहेत, तुझे भाचे नाहीत!"

चिमणीचा जीव एका आरएनएत अडकला होता. तो प्रथिन बनवत नाही, पेशीतच पडून असतो, म्हणून सगळे त्याला घरजावई म्हणत. तो काढला की विषाणू माजतो, असं तिला एकदा दिसलं होतं. दुसऱ्यांदा काहीच दिसलं नाही. उद्यापर्यंत ठोस निकाल नाही आला, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम घरजावयाला नारळ देणार आणि तिला दादाच्या हाताखाली.

"आधीही लाड केले होतेस?"

दादाने डोकं खाजवलं. "पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला मी रजेवर होतो ना."

चिमणीचा राग जागच्या जागी विरला. तेवढ्यात मॅडम आल्या.

"फेकून दे ते पिवळं."

"फेकायला काय मॅडम, उद्याही फेकता येईल," चिमणी म्हणाली. " आज विषाणू घालू द्या."

"का?"

"पोट तुडुंब भरलं की विषाणूला अडवणारा पेशीतला पहारेकरी पेंगतो. घरजावई त्याला चिमटे काढून जागा ठेवत असेल. बेताने जेवलेल्याला चिमटे लागतच नाहीत."

"म्हणजे माझ्यामुळेच शोध लागला!" दादा खूश झाला.

"अजून लागलेला नाही. आणि त्या बाटलीला हात लावलास तर बघ!"

दोन्ही रंगांतल्या तीन-तीन प्लेटमधल्या पेशींतून तिने घरजावई आधीच काढलेला होता. तिने बाराही प्लेटमध्ये सारखाच विषाणू सोडला. दुसऱ्या दिवशी मॅडम तिच्या खांद्यावरून वाकून आकडे वाचत होत्या.

दर मिलिलिटरमागे सरासरी विषाणू: गुलाबी, आरएनए असताना तीन हजार, नसताना तीन हजार शंभर. पिवळ्या, आरएनए असताना तीन हजार दोनशे. नसताना एक लाख चोवीस हजार.