तपासलेलं पाणी, न तपासलेली समई

१९९६ साल. मे महिन्यातल्या एका रविवारी कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीची वीसेक माणसं डोंगरातली ओस पडलेली खाणवस्ती बघायला निघाली. तेव्हा खाडीचा वारा थेट डोंगराला जाऊन भिडायचा, मधे इमारती नव्हत्या. सहल म्हणजे निमित्त. दगडखाण बंद पडल्यावर उरलेल्या बिनछपराच्या खोलीत हौसेराव महाराज प्रकटले होते आणि नुसत्या पाण्यावर समई पेटवत होते.

सुचित्राने प्राचीचा हात घट्ट धरला होता. नऊ वर्षांच्या पोरीला फिट्स यायच्या. गोळ्यांनी आठ महिने एकही आली नव्हती. तरी नवरा जयप्रकाश म्हणे, "जन्मभर गोळ्याच द्यायच्या का?" समई पेटली की गोळ्यांची बाटली खाणीच्या डबक्यात सोडायची, असा महाराजांचा हुकूम होता.

"पाणी तुमच्या घरचं आणा, मागून लबाडी म्हणू नका," हेही त्यांनीच बजावलेलं. त्यामुळे जो तो पाण्याची बाटली उन्हात धरून तपासत होता. एकाने तर नळाचं आणि फिल्टरचं वेगवेगळं आणलं होतं.

"तेल संसाऱ्याला लागतं," महाराज म्हणाले. "आमची समई श्रद्धेवर जळते. शंका आली की विझते."

पाणी ओतलं, काडी लावली, ज्योत उसळली. सगळ्यांचे हात जोडले गेले. जयप्रकाशने खिशातून गोळ्यांची बाटली काढली.

"थांबा सायेब," वाट दाखवायला आलेली पुतळाबाई म्हणाली. पूर्वी ती याच खाणीत दगड फोडायची, आता फळांच्या गोदामात आंबे निवडायची. "यो लसनासारका वास मना ठावं हाय. आंबं पिकवाला पेटीन कार्बाइडची पुडी ठेवतान, तिचा हाय."

"बाई, देवाचा वास तुला काय कळणार?" महाराज म्हणाले.

"मंग माज्या डब्यान पानी ओता न पेटवा."

महाराजांना एकाएकी मौनव्रत आठवलं.

सुचित्राने प्राचीचा हात सोडला आणि समई उलटी केली. करड्या खड्यांचा चिखल सांडला. तिने प्राचीच्या वॉटरबॅगेतलं पाणी त्यावर ओतून लांबून काडी टाकली. जमीनच पेटली. जळत होता तो कार्बाइडला पाणी लागून सुटलेला वायू. पाणी सगळ्यांनी तपासलं होतं, समई एकानेही नाही.

नवऱ्याच्या हातातली बाटली घेऊन तिने दुपारची गोळी तिथेच प्राचीला दिली.

महाराज त्याच दुपारी पसार झाले. पुढे म्हणे द्रोणागिरीकडे कुणाला तरी गुप्तधन दाखवत होते. जयप्रकाश मात्र गोळ्या संपायच्या आत स्वतः आणू लागला. पुतळाबाई गेली त्याला सात वर्षं झाली. प्राचीच्या गोळ्या त्या सहलीनंतर चार वर्षांनी डॉक्टरांनीच तपासून बंद केल्या. ती आता उलव्याला राहते, दोन मुलांची आई आहे. आणि सुचित्रा कुणी चमत्काराचं सांगायला आलं की एवढंच म्हणते, "तो जे तपासायला देतोय ते राहू दे. जे हातात देत नाही, ते आधी बघ."