खाणीखालचा हापसा

मित्रांनो, कितीही तहान लागली असली तरी माझा दोरीने बांधलेला दांडा सोडवू नका. मी आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीचा जुना हापसा. माझं पाणी आज पिण्याजोगं नाही, आणि हे सांगताना माझा जीव कासावीस होतो.

मला बसवलं तेव्हा बायकांनी हळदकुंकू वाहिलं होतं. "हाप्शाचं पानी लय ग्वाड," म्हातारा शिदू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. लावणीवरून परतलेली माणसं माझ्यापाशी चिखलाचे पाय धुवायची. दिवसभर माझा दांडा किरकिरायचा. मला तेच बरं वाटायचं.

मग वरच्या बंद दगडखाणीकडे ताडपत्री झाकलेल्या गाड्या चढू लागल्या. खाण खालच्या गावातल्या राजेंद्रची. कुठल्याशा कारखान्याच्या टाकाऊ रसायनांची पिंपं तिथे रिकामी व्हायची. पावसात ते सगळं जमिनीत मुरलं आणि माझ्या पाण्याला रॉकेलसारखा उग्र दर्प येऊ लागला. मला कळत होतं. पण हापशाला ओरडता कुठे येतं? दांडा दाबला की मी पाणी देत राहिलो. शिदूची सून आरती ओली बाळंतीण होती. ती तेच पाणी प्यायली आणि उलट्यांनी आडवी झाली. तिला कामशेतच्या दवाखान्यात नेलं. तान्ह्या बाळाचं रडणं मला इथवर ऐकू येत होतं.

आरतीची सासू बाया तडक माझ्याकडे आली. तिने माझा दांडा दोरीने करकचून बांधला आणि खालच्या गावातल्या झुंबरबाईंना बोलावून आणलं. त्यांची भातखाचरं खाणीकडून येणाऱ्या ओढ्याकाठी होती. माझ्या तोंडाशी साचलेलं पाणी त्यांनी हुंगलं.

"बाया, आसाच वास माज्या खाचराला येतोय गं. मला वाटलं, खताचा आसंल."

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या आणि गावातल्या बायका माझ्यासमोरच, खाणीच्या वळणावर बसल्या. गाडी अडली. राजेंद्र धावत आला.

"खाण माजी हाय. तुमी कोन अडवनार?"

"खाण तुजी रं," बाया म्हणाली, "पर झिरपतंय ते कुनाच्या पोटात?"

त्याने झुंबरबाईंकडे पाहिलं. "काकी, तुमी बी? आपल्याच भावकीतल्या आसून?"

"व्हय, मी बी. भावकीला प्यायला पानी लागत न्हाई व्हय?"

गाडी मागे फिरली. पण बायका हलल्या नाहीत. पाळ्या लावून, इरली पांघरून त्या भर पावसात बसून राहिल्या. शेवटी अधिकारी आले, पिंपं उचलली गेली. आरतीही बरी होऊन घरी आली.

पण मुरलेलं विष कोण उचलणार? पाणी तपासणारे येतात आणि "अजून नाही" म्हणून जातात. बायका हंडे घेऊन पलीकडच्या डोंगरातल्या झऱ्यावर जातात. चढावर इंजिन गुरगुरलं की कुणीतरी हातातलं काम टाकून वळणाकडे धावतं. गाडी कसली ते कळेपर्यंत माझाही जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, माझ्या पोटात काय उतरतंय ते मला थांबवता येत नाही. ते तुम्हालाच थांबवावं लागेल, गाडी चढ चढण्याआधी.